चार बोटं

"विमान बसते, मॅडम," ढोकेकाका म्हणाले. "आता इंधन चढून राहिलं. बेल्ट मागे घ्यावा लागीन."

माझं लक्ष घड्याळाकडे होतं. "काका, विमान काय म्हैस आहे का, बसायला?"

विमानाच्या पोटात वाकून सामान रचणारे लोडर खदाखदा हसले. त्यांच्यातला गजू तर म्हणाला, "काका, वैरण टाका मग थोडी!" काका हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, नेहमीसारखे, थेट. त्यांची ती सवयच होती. कोणाशीही बोलताना आधी समोर येऊन उभे राहायचे, मगच बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं, हा काय आपल्या अंगावर येतोय की काय.

सहा वर्षं झाली. मे महिना, दुपारचे पावणेतीन. विमानतळावर विमानं जिथे उभी राहतात त्या काँक्रीटच्या मैदानाला आम्ही रॅम्प म्हणतो. तिथे तेव्हा इतकं ऊन होतं, की लांबच्या गाड्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलत होत्या. मी त्या पाळीची सुपरवायझर होते. विमान आलं की सामानाच्या गाड्या, शिडीची गाडी, इंधनाचा टँकर, पाण्याची गाडी यांनी कोणत्या बाजूने यायचं, कुठे थांबायचं आणि कधी निघायचं, हे बघणं माझं काम. विमानाचा पत्रा दिसतो तितका दणकट नसतो. गाडीचा नुसता कोपरा लागला तरी पोचा येतो, आणि पोचा घेऊन विमान उडवत नाहीत. म्हणून विमानाभोवतीच्या लाल रेघेच्या आत गाडी माणसाच्या चालीने न्यायची, आधी एकदा थांबून ब्रेक दाबून बघायचा, आणि मागे घेताना कोणीतरी हाताने इशारा करायला उभं पाहिजे म्हणजे पाहिजेच.

हे सगळं मला पुस्तकातून येत होतं. ढोकेकाकांना अंगातून येत होतं. बावीस वर्षं त्यांनी रॅम्पवर गाडी चालवली होती. लाल रेघेपाशी ते एकदा थांबत, ब्रेक दाबत, दोन हात पुढे जाऊन परत थांबत. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "ढोके विमानाच्या पाया पडल्याबिगर आत जात नाही." इशारा करायला माणूस नसेल, तर काका गाडी हलवायचेच नाहीत. वॉकीटॉकी मात्र कधी वापरायचे नाहीत. "हे भांडं नुसतं किरकिर करते," म्हणून ते माझ्याकडे आणून द्यायचे. मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा.

बेल्ट म्हणजे सामान वर चढवायचा सरकता पट्टा, गाडीवर बसवलेला. त्याचं पुढचं तोंड विमानाच्या पोटातल्या दाराच्या उंबऱ्याखाली आणून लावायचं. टेकवायचं नाही. मध्ये अंतर ठेवायचं. कारण चाकांवर उभं असलेलं विमान रिकामं होताना वर उचललं जातं, आणि भरताना खाली दबतं. मी भौतिकशास्त्राची पदवीधर. स्प्रिंगवर वजन ठेवलं की ती किती दबते याची गणितं मी परीक्षेत सोडवली होती, पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आणि तरी मी म्हशीचा विनोद केला.

"पाच मिनिटं द्या जी," काका म्हणाले. "मागे घेतो, पुन्हा खाली करून लावतो, मग जातो."

"पाच मिनिटं नाहीत, काका. शेजारच्या जागेवर विमान येऊन उभं राहिलंय. शिडीवाला नरेश आज आलेला नाही. शिडी कोण नेणार? माणसं विमानातच बसवून ठेवू का मी?"

"पण हे विमान..."

"हे मी बघते. मी आहे ना इथे."

काकांनी बेल्टच्या तोंडापाशी जाऊन आपला पंजा उंबऱ्याच्या फटीत आडवा घातला. मला जवळ बोलावलं. "हे पाहा. आता सहा बोटं जाऊन राहिली. चार झाली का पट्टा थांबवायला सांगा, सामान थांबवा. मले बोलवा. इशारा करा, मी तिथूनही पाहीन. तुम्ही इथून हलू नका."

"नाही हलत."

"नक्की?"

"काका, जा हो!"

ते गेले. दर दहा पावलांना मागे वळून बघत गेले.

मी हलणार नव्हते, हे अगदी खरं होतं. मी सात महिन्यांच्या दुर्वाला सासूबाईंकडे ठेवून कामावर परतले, त्याला तेवीस दिवस झाले होते. घरातून निघताना मी गॅस दोनदा बघायचे, तिसऱ्यांदा जिन्यातून परत येऊन बघायचे. तिच्या पाळण्यावर माशी बसली तरी मला फोन आला पाहिजे, असं सासूबाईंना बजावलं होतं. मी बेफिकीर बाई नव्हते. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. ज्यांना आपण काळजी करणारे आहोत असं वाटतं, त्यांच्याही हातून असं होतं, एवढंच.

अडीच ही दुर्वाची दूध प्यायची वेळ. पावणेतीन होऊन गेले होते. दुसऱ्या बाजूला एक प्रवासी आई विमानाच्या शिडीवरून वर चढत होती, तिच्या खांद्यावरचं बाळ रडायला लागलं, आणि तेवढंच निमित्त झालं. माझ्या छातीतून पान्हा सुटला. दोन क्षणांत शर्टाची पुढची बाजू ओली झाली, वरचं चमकणारं जाकीट जाळीचं, त्यातून सगळं दिसायला लागलं. समोर चार लोडर, टँकरचा माणूस, इंजिनिअर. सगळे पुरुष. गजूने एकदा पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. त्याने तोंड फिरवलं तेच मला जास्त लागलं.

फटीत मी हात घालून पाहिला. पाच बोटं.

मनाशी म्हटलं, पाच म्हणजे वेळ आहे. ऑफिस साठ पावलांवर. पदर असता तर ओढून घेतला असता; पण अंगावर गणवेश. कोणाला सांगून जावं, तर काय सांगून जावं? मी फाइल छातीशी धरली आणि चालायला लागले.

बाथरूममध्ये दुसरा शर्ट नव्हता. कागदी रुमाल आत भरले, पुन्हा भरले, पाण्याने डाग धुतला तर तो आणखी पसरला. बाहेर कोणीतरी दार वाजवलं. मी "दोन मिनिटं" म्हटलं. आरशात माझं तोंड लाल झालं होतं. सात मिनिटं लागली. किती लागली ते मला नंतर भिंतीवरच्या घड्याळावरून कळलं. तेव्हा मला दोनच वाटली होती.

परत आले तेव्हा शेवटच्या बॅगा वर चढत होत्या. मी फटीशी गेले. हात घालायला जागा नव्हती.

बेल्टच्या तोंडाला पुढून जाड रबर असतं. ते रबर दाबून चपटं झालं होतं आणि त्याच्या खालची लोखंडी कड उंबऱ्याच्या पत्र्याला टेकली होती. कोणी गाडी हलवली नव्हती. कोणी धडक दिली नव्हती. विमान हळूहळू, कोणालाही न सांगता, येऊन बसलं होतं.

"गजू, बेल्ट बंद!" मी ओरडले. पट्टा थांबला.

इतक्यात काका धावत येताना दिसले. शेजारच्या विमानाला शिडी लावून, ब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून ते येत होते. घाईतही त्यांनी ठोकळे लावलेले मला लांबून दिसले. येऊन त्यांनी आधी गजूला इशारा करायला उभं केलं. गाडीत चढले, बेल्टचं तोंड इंचभर खाली घेतलं, गाडी मागे घेतली. मग खाली उतरून उंबऱ्याखाली वाकले. मीही वाकले.

पत्र्यावर एक काळा पट्टा होता, वीतभर लांब. त्याच्या मधोमध बशीच्या कडेसारखा हलका खोलगटपणा. उन्हात नीट बघितलं तरच दिसेल असा.

"रबराचा डाग आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "पुसून टाकू. काका, फडकं आहे का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"डाग आहे का पोचा आहे, ते आपण नाही ठरवायचं, मॅडम."

"काका, आधीच वीस मिनिटं उशीर झालाय. एवढ्याशाने काय होतंय? मी नोंदवहीत लिहून ठेवते, संध्याकाळी विमान परत आलं की बघतील."

"मॅडम," काका हळू बोलले, "वर जाणार आहे ते."

आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले. रॅम्पवर या इशाऱ्याचा अर्थ एकच: थांबवा. पुढच्या चाकाजवळ उभे असलेले इंजिनिअर थॉमससर कागद दुमडून खिशात घालत चालत आले.

विमान साडेचार तास अडकलं. एकशे साठ माणसं खाली उतरवावी लागली. ती रडणाऱ्या बाळाची आईसुद्धा. ती मांडीवर बाळ घेऊन खुर्चीवर बसलेली मी काचेतून पाहिली आणि दुसऱ्या बाजूने गेले.

थॉमससरांनी मोजमाप घेतलं, फोटो पाठवले, वर विचारलं. पोचा चालण्याजोगा होता की नव्हता हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "हात वर करून थांबवणाऱ्याने बरं केलं. नाव काय त्याचं?"

मी म्हणाले, "ढोके." एवढं तरी खरं बोलले.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. लिमयेसर, म्हणजे आमचे मॅनेजर, आणि मुख्य कार्यालयातून आलेले एक सुरक्षा अधिकारी. अधिकारी वयाने मोठे, चांगले बोलणारे. त्यांनी मला चहा विचारला. मला वाटतं, ते रागावून बोलले असते तर मी खरं सांगितलं असतं.

"ड्रायव्हरला शिडीवर तुम्ही पाठवलंत?"

"हो सर. दुसरा माणूस नव्हता."

"ठीक. असं होतं. बेल्ट मागे न घेता?"

खोलीत पंखा फिरत होता. मी त्या बाथरूमचा विचार करत होते. मी जागेवर नव्हते हे सांगायचं, तर का नव्हते हे सांगावं लागणार. या दोन माणसांपुढे. ते लिहून घेणार. ते लिहिलेलं टाइप होणार, मुख्य कार्यालयात जाणार, आणि पुढच्या वेळी एखादी बाई बाळंतपणाहून परत आली की कोणीतरी ती फाइल आठवणार. असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. पण त्या क्षणी मनात एवढं काही नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा खोटं सोपं होतं.

"बेल्ट मागे घेऊन जा, असं मी त्यांना सांगितलं होतं, सर."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी पुढच्या चाकापाशी कागद तपासत होते."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. मग काकांना आत बोलावलं. मला बाहेर जायला सांगतील असं वाटलं, पण नाही सांगितलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हातात टोपी. ते टेबलापाशी आले आणि अधिकाऱ्यांच्या बरोबर समोर उभे राहिले.

"ढोके, या म्हणतात, जायच्या आधी बेल्ट मागे घ्या असं यांनी तुम्हाला सांगितलं होतं. बरोबर?"

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखादं यंत्र अचानक वेगळा आवाज करायला लागलं की ते जसे बघायचे, तसे बघत होते. कुठे बिघडलं असेल, अशा नजरेने. माझी मान खाली गेली.

"मॅडम म्हणत असतील तर म्हणल्या असतील, साहेब," ते म्हणाले. "टँकरचा आवाज भारी होता. मले ऐकू नसन आलं."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "ऐकू आलं नाही?"

"नाही जी."

त्यांनी ते शब्द लिहिले. पुन्हा वाचले. खाली रेघ ओढली. ती रेघ मी पाहिली. तिचा अर्थ मला कळला नाही. काकांना मात्र कळला असावा, कारण त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. "काका, तुम्ही असं का सांगितलं?"

"मग काय सांगू? मॅडम खोटं बोलून राहिल्या म्हणू?" ते हसले. "तुम्ही कुठं गेल्या होत्या ते मी पाहिलं ना शिडीवरून. फाइल अशी धरून. माझी सुनबाईही शाळेत शिकवते, तिचंही असंच होये. घरी येऊन रडे बिचारी."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

"जाऊ द्या. एक पत्र देतील. अशी दोन पत्रं घरी आहेत, बायको त्याच्यावर वड्या वाळत घालते." मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पण मॅडम, तो डाग पुसायचं म्हणाल्या तुम्ही. ते पुन्हा नका म्हणू कोणाले."

पत्र आलं. पण ते ताकीदपत्र नव्हतं. चालक विठोबा ढोके यांनी स्वतःच्या जबानीत ऐकू न आल्याचं नमूद केल्यामुळे, बाहेरच्या तज्ज्ञाकडून त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी, तोवर रॅम्पवर वाहन चालवू देऊ नये. ते पत्र त्यांच्या हातात देऊन सही घ्यायचं काम माझं होतं.

काका कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर डबा खात होते. मी पत्र वाचून दाखवलं.

"कानाची?" त्यांनी विचारलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. त्यांनी तो डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, "अरे बाप्पा. कानाची."

"काका, काय होतंय त्याने? दरवर्षी होतेच ना आपली तपासणी."

"आपला डॉक्टर समोर बसून विचारते," ते म्हणाले. "मी त्याच्या ओठाकडे पाहतो."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. समोर येऊन उभं राहणं. वॉकीटॉकी परत आणून देणं. इशारा करणारा माणूस असल्याशिवाय गाडी न हलवणं. बावीस वर्षं इंजिनांच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कधी गेले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि ज्याला ऐकू येत नाही तो माणूस आमच्या सगळ्यांत जास्त बघत होता. दोनदा थांबत होता. बोटांनी मोजत होता. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीचा विमानाला ओरखडासुद्धा लागला नव्हता. जो लागला, तो मी त्यांना जागेवरून हलवल्यावर, आणि मी दिलेला शब्द सोडून गेल्यावर.

"कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"बायकोले. आता तुमाले."

"मग त्या दिवशी तुम्ही असं का बोललात? ऐकू नाही आलं असं?"

"तोंडातून गेलं," ते म्हणाले. "दुसरं काही सुचलंच नाही. खोटं बोलाची सवय नाही ना, मॅडम, म्हणून खरंच निघालं."

चाचणीला आठ दिवस होते. आठ दिवस. मी रोज ऑफिसला जात होते, रोज लिमयेसरांच्या केबिनवरून जात होते. दार बहुतेक उघडंच असायचं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की, सर, त्यांना ऐकू न यायचा प्रश्नच नव्हता, कारण मी बोललेच नव्हते; उलट ते सांगत होते आणि मीच ऐकलं नाही. एका दिवशी मी उंबऱ्यापर्यंत गेले. लिमयेसरांनी मान वर केली. "बोला, मिसेस खांडवे. बाळ कसं आहे?"

"बरं आहे, सर," मी म्हणाले. आणि परत आले.

दोन्ही कान निम्म्याहून अधिक गेलेले निघाले. रॅम्पवर गाडी चालवायचं परमिट रद्द झालं. त्यांना आतल्या गोदामात सामानाचे टॅग मोजायला बसवलं. अकरा दिवस बसले आणि मग राजीनामा दिला. माझी पाळी असतानाच ते परमिटचं कार्ड जमा करायला आले. गळ्यातून काढताना त्याची दोरी त्यांच्या चष्म्यात अडकली. मी सोडवून दिली.

"गावी जातो आता," ते म्हणाले. "आर्वीकडं. वावर आहे चार एकर, भाऊ पाहते. त्याच्या ट्रॅक्टरवर बसीन. तिथं कोण कान तपासते?"

"काका..."

"बाळाले जपा," म्हणाले, आणि वळले.

ते काचेच्या दारापर्यंत गेले तेव्हा मी बोलले. सगळं बोलले. "काका, चूक माझी होती. मी खोटं बोलले. मी आत्ता जाऊन लिमयेसरांना सांगते. तुम्ही जाऊ नका." मोठ्याने बोलले, अगदी स्पष्ट. टेबलापाशी बसलेल्या क्लार्कने मान वर करून पाहिलं.

काका दार ढकलून बाहेर गेले. मी त्यांच्या पाठीशी बोलत होते. मागून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही हे मला तोवर पक्कं ठाऊक होतं. मी चार पावलं धावत जाऊन समोर उभी राहिले असते, तर त्यांनी माझ्या ओठांवरून प्रत्येक शब्द वाचला असता. मी गेले नाही. आणि क्लार्कने "काय म्हणालात, मॅडम?" असं विचारलं, तेव्हा मी "काही नाही" म्हटलं.

दुर्वा आता पहिलीत जाते. मी त्याच कंपनीत आहे. माझी बढती झाली. नवीन ड्रायव्हरना उभ्या विमानाभोवती गाडी कशी न्यावी, कशी लावावी, हे शिकवते. विमान बसतं, हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगते. ते हसतात. मी रागावत नाही.

दर दिवाळीला मी काकांच्या घरी फोन करायचे. उचलायच्या कलावतीकाकू, कारण काकांना फोनवर कळायचं नाही. "बरे आहेत," त्या सांगायच्या. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, "भावाशी वाजलं, ट्रॅक्टरवर बसू देत नाही. म्हणते, मागून गाडी आलेली कळत नाही तुला." चौथ्या वर्षी म्हणाल्या, "दिवसभर ओट्यावर बसतात. कोणाशी बोलत नाहीत. तुम्ही या ना एकदा." मी येते म्हटलं. एकदा गेलेही, दुर्वाला घेऊन, आर्वीच्या स्टँडपर्यंत. तिथे उसाचा रस प्यायलो आणि परतीच्या गाडीत बसलो. दुर्वाने विचारलं, "आई, आपण कुणाकडे आलो होतो?" मी म्हटलं, "कुणाकडे नाही."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच कलावतीकाकू गेल्या, असं गजूकडून कळलं. त्यानंतर त्या नंबरवर घंटी वाजत राहायची. पोळ्यापासून तीही वाजत नाही. मुलगा-सून दोघं सुरतेला असतात.

मी हे कोणाच्या कौतुकासाठी लिहिलेलं नाही, आणि माफीसाठीही नाही. मी जाणार आहे, असं मी लिहू शकते; पण गेली सहा वर्षं मी तेच म्हणत आले आहे, म्हणून माझ्यावर विसंबू नका. तुमच्यापैकी कोणी आर्वीकडचं असेल, त्या बाजूला जाणं-येणं असेल, तर स्टँडवर विठोबा ढोके यांचं घर विचारा. विमानतळावरचे ढोके म्हटलं तर सांगतील. बाहेरून हाका मारून, उत्तर आलं नाही म्हणून परत फिरू नका. आत जा. चूल पेटते का बघा. जेवले का विचारा. आणि जे असेल ते, जसं असेल तसं, मला कळवा.